मुख्यालयबाबू

आमच्या सावली गावात सरकारी नोकर दोन तऱ्हेचे. सावलीत राहतो म्हणून लिहून देणारे, आणि सावलीत राहणारे. पहिल्या तऱ्हेचे आम्ही सगळे. चंद्रपूरहून, मूलहून, गडचिरोलीहून रोज येऊन रोज जाणारे. दुसऱ्या तऱ्हेचा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला. सेवापुस्तकात त्याचं नाव काय असेल ते असो, आमच्यात तो मुख्यालयबाबू. कर्मचाऱ्यानं मुख्यालयी राहावं असा शासनाचा नियम आहे. तो पाळणाऱ्याला नियमाचंच नाव पडावं, इतका हा प्राणी दुर्मिळ.

सावलीचा दोष एवढाच की तिथून निघता येतं. चंद्रपूर-गडचिरोली रस्त्यावरचं गाव. चंद्रपूर साठेक किलोमीटर, मूल अगदी हाकेवर, आणि पलीकडे व्याहाड सोडून वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. भामरागडला बदली झाली तर माणूस झक मारत तिथं राहतो. सावलीला बदली झाली की तो आधी एसटीचं वेळापत्रक विचारतो. सकाळच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, चिचपल्लीचं जंगल झोपेत काढायचं, मूलच्या स्टँडवर चहा घ्यायचा आणि मस्टरवर पावणेदहाची सही करून पुन्हा चहा घ्यायचा. संध्याकाळी हेच उलट्या क्रमानं. मी अकरा वर्षं हे करतो आहे. माझ्या आयुष्यातले कित्येक महिने निव्वळ चिचपल्लीच्या आसपास गेले असतील.

बरं, राहायचं नाही याला पैशाचं गणितही होतं. 1 जानेवारी 2019 पासून आमच्यासारख्या लहान गावाला घरभाडे भत्ता मूळ पगाराच्या 8 टक्के, निदान 1,800 रुपये. महागाई भत्ता 25 टक्क्यांवर गेला तसे 8 चे 9 झाले. समजा मूळ पगार 38,600. त्याचे 8 टक्के 3,088. गावातल्या कोणाची तरी एखादी खोली करारावर दाखवायची, त्याला वर्षातून एकदा दिवाळीला मिठाई द्यायची आणि भत्ता घरी न्यायचा. माझ्या करारातल्या खोलीत मालकाची युरियाची पोती होती. मी ती खोली अकरा वर्षांत दोनदा पाहिली, तीही बाहेरून. आता, सरकारी क्वार्टर घेतलं की हा भत्ता बंद, वर अनुज्ञप्ती शुल्क म्हणून पगारातून कपात. म्हणजे क्वार्टर मागणं हा स्वतःच्या खिशात हात घालून स्वतःचेच पैसे सरकारला परत देण्याचा प्रकार. शहाणा माणूस क्वार्टर मागत नाही. शहाणा माणूस ‘सदर निवासस्थान राहण्यायोग्य नाही’ असा दाखला मिळवतो.

अशा वातावरणात हा कनिष्ठ लिपिक चिमूरकडून बदलून आला आणि तिसऱ्या दिवशी त्यानं क्वार्टरसाठी अर्ज केला.

आस्थापनेच्या टेबलावर तेव्हा जो बसायचा त्यानं चष्मा कपाळावर चढवला. “काहून जी, क्वार्टर कायले पायजे तुम्हाले?”

“राहाले.”

उत्तर इतकं सरळ होतं की समोरच्याला संशय आला. त्यानं दुपारी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, हा माणूस अँटी करप्शनचा तर नाही ना.

अर्जाच्या नमुन्यात एक रकाना होता : निवासस्थान मागणीचे कारण. बाबूनं लिहिलं, ‘राहण्यासाठी’. आठ दिवसांनी अर्ज परत आला. शेरा होता : ‘कारण स्पष्ट नाही. पुनश्च सादर करावे.’ मग मी त्याला मदत केली. ‘शासकीय कर्तव्ये तत्परतेने पार पाडता यावीत या दृष्टीने मुख्यालयी सहकुटुंब वास्तव्य करणे आवश्यक असल्याने’ असं लिहून दिलं. मी लिहून दिलं, हे लक्षात घ्या; मी, जो साडेपाचची गाडी चुकू नये म्हणून पाच वाजताच डबा पिशवीत घालायचा. अर्ज मंजूर झाला. सोबत शपथपत्र : माझ्या किंवा पत्नीच्या नावे या ठिकाणी घर नाही. बाबूचं खरं तर कुठल्याच ठिकाणी घर नव्हतं, पण तेवढं लिहायला नमुन्यात जागा नव्हती.

अर्ज मंजूर झाला म्हणजे क्वार्टर मिळालं असं नव्हे. एका ओळीत चार क्वार्टरं होती. पहिल्याचा स्लॅब खाली आलेला. दुसऱ्याला कुलूप, त्यातला माणूस कधीच बदलून कोरचीला गेलेला, पण त्याची बाज आणि एक पेटी आत, म्हणून ताबा त्याचाच. चौथ्यात निवडणुकीचं सामान आणि जुनं रेकॉर्ड. तिसरं मोकळं. अर्जदार एक, मोकळं क्वार्टर एक. तरी बाबूचा प्रतीक्षा यादीत क्रमांक लागला दुसरा.

पहिला कोण, याचा शोध घ्यायला महिना गेला. पहिल्या क्रमांकाचे गृहस्थ सेवानिवृत्त होऊन वरोऱ्याकडे आपल्या गावी शेती करत होते. त्यांनी कोणे एके काळी अर्ज केला होता आणि तो मागे घेतलेला नव्हता. अर्जदाराच्या लेखी विनंतीशिवाय नाव वगळता येत नाही, असं यादी सांभाळणाऱ्याचं म्हणणं. पत्रं गेली, उत्तर नाही. शेवटी बाबू एका रविवारी स्वतः त्यांच्या घरी जाऊन धडकला. म्हातारे ओसरीवर तूर पाखडत होते. सावलीहून आलो म्हणताच त्यांचा चेहरा उजळला.

“लागला का जी माझा नंबर?”

बाबूनं सगळं समजावून सांगितलं. त्यावर ते बराच वेळ गप्प बसले. एवढी वर्षं आपण कुठंतरी पहिल्या क्रमांकावर आहोत, हे त्यांना माहीत नव्हतं. आता माहीत झालं तर सोडवेना. चहा झाला, जेवण झालं, दुपारची झोप झाली, आणि मग त्यांनी सही केली. वर बजावलं, “क्वार्टर झालं की सांगजा. येतो एक दिवस राहाले.” ते खरोखरच आले. दोन दिवस राहिले.

तिकडे मुंबईत याच्या उलट चालतं. बीडीडी चाळी 1920 नंतर सरकारनं बांधल्या, एकेक खोली 160 चौरस फुटांची, आणि त्या भाड्याच्या खोल्या तीन-तीन पिढ्यांनी जिवापाड धरून ठेवल्या. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या 556 रहिवाशांना त्याच जागी 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा टीव्हीवर माणसं डोळे पुसत होती. व्हिएन्नात 1930 साली नगरपालिकेनं किलोमीटरभर लांबीची एकच इमारत उभारली, कामगारांना भाड्यानं घरं द्यायला. ती आजही भरलेली आहे. आमच्या सावलीत चार क्वार्टरं, आणि त्यातलं एक भरायला एका माणसाला वरोऱ्यापर्यंत जावं लागलं.

ताबा पावतीचा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला, कारण साक्षीदार म्हणून सही माझी आहे. ताबा पावती म्हणजे क्वार्टरमधल्या वस्तूंची यादी. यादी जुनी, कार्बनवर कार्बन उमटत आलेली. अक्षर इतकं फिकट की नजरेपेक्षा श्रद्धेनं वाचायचं. देणारा एकेक कलम म्हणत जायचा आणि बाबू शोधत जायचा.

“नळ तीन.”

बाबूनं न्हाणीत पाहिलं, मोरीत पाहिलं, अंगणात पाहिलं. “एकच आहे जी.”

“यादीत तीन आहेत.”

“पण इथं एक आहे.”

“तुम्ही राहाले आले का नळ मोजाले आले? सही करा. नाही तर नव्यानं यादी कराव लागन, त्याले वरची मंजुरी लागते.”

पुढं खिडक्यांची तावदानं बारा, होती चार. दाराच्या कड्या सहा, होत्या दोन. पंख्याचे हूक तीन. ते मात्र पुरे तीन होते, कारण स्लॅबमधून काढता येत नाहीत. आणि शेवटी, ‘झाडे : आंबा एक, मुनगा एक’. मुनगा होता. आंबा नव्हता. आंब्याच्या जागी एक खुंट होता आणि खुंटावर कोणा भेळवाल्यानं बसून बसून गुळगुळीत केलेली जागा.

बाबूनं सगळ्यावर सही केली. दुसरा कोणी असता तर विसरून गेला असता. हा नाही विसरला. त्याचं म्हणणं, जाताना हिशेब द्यायचा आहे. सरकारनं आपल्याला तीन नळ दिले म्हणून कागद सांगतो. पहिल्या पगारात त्यानं एक नळ घेतला, पोळ्याच्या महिन्यात दुसरा. पाणी एकाच नळाला यायचं. बाकीचे दोन त्यानं भिंतीत नुसते बसवून ठेवले, यादीपुरते. तावदानं एकेक करत आणली. आणि खुंटाशेजारी दशहरी आंब्याचं कलम लावलं. वहिनी त्याला रोज तांदळाचं धुवण घालायच्या. शेजारीपाजारी म्हणायचे, आंबा कधी खाणार हे लोक? वहिनी म्हणायच्या, “खायाचा नाही जी, परत कराचा आहे.”

असा हा माणूस. पण तो साधुसंत होता असा समज होऊ देत नाही. मुख्यालयी राहणाऱ्या माणसाइतका उपद्रवी माणूस दुसरा नाही. साडेनऊला तो ऑफिसचं दार उघडून बसलेला असायचा. आम्ही घामाघूम होऊन दहा-दहाला आलो की घड्याळाकडे नाही, आमच्याकडे बघायचा, आणि हसायचा. जेवायच्या सुट्टीत घरी जाऊन गरम भात आणि वांग्याची भाजी खाऊन, वर पंधरा मिनिटं झोप काढून यायचा आणि आमच्या थंड पोळ्यांकडे पाहून ढेकर द्यायचा. पहाटे पाचला उठून गावतळ्याचे फोटो काढायचा आणि आम्ही गाडीत उभे असताना पाठवायचा. खाली ओळ : ‘आपली सावली’. आपली! तीन माणसांच्या सीटवर चौथा बसून चाळीस किलोमीटर आलेल्या माणसाला सूर्योदय दाखवणं हा छळ आहे.

क्वार्टरबद्दल बोलायची त्याची एक खास पद्धत होती. ‘माझं क्वार्टर’ कधी म्हणायचा नाही, ‘बंगला’ म्हणायचा. आमच्यापैकी एकानं चंद्रपूरला कर्ज काढून फ्लॅट घेतला तेव्हा पेढे खाता खाता बाबू म्हणाला, “तुमची घरमालक बँक. माझे घरमालक राज्यपाल.” कायद्यानं ते बरोबरच होतं. राज्यघटनेच्या 299 व्या कलमाप्रमाणे राज्य सरकारचे करारमदार राज्यपालांच्या नावानंच होतात. हे त्यानं कुठं वाचलं कोण जाणे, पण त्याला ते फार आवडलं होतं. पावसात छत गळायला लागलं की कोपऱ्यात टोपलं ठेवत म्हणायचा, “मालक मुंबईले रायतात, त्यांना कसं समजन?”

छत गळायचंच. दुरुस्तीच्या अर्जांच्या स्थळप्रती त्यानं जपून ठेवल्या होत्या. एका पावसाळ्यात त्या स्थळप्रतीच भिजल्या. दुरुस्तीवाले एकदा आले, टेपनं मोजमाप घेऊन गेले; मग दुसरे आले, पहिल्यांनी घेतलेलं मोजमाप बरोबर आहे की नाही ते मोजून गेले. वानरांची टोळी पडक्या क्वार्टरवर मुक्कामाला असायची. वहिनींनी पडक्या भिंतीवर दोडक्याचा वेल चढवला होता; दोडके वानरांनी खायचे आणि पानं शेळ्यांनी. एक धामण न्हाणीच्या मोरीतून ये-जा करायची. बाबूच्या पोरीनं तिचं नाव ठेवलं होतं ‘अपडाऊन’.

रात्र झाली की मात्र गाव गप्प व्हायचं. तालुक्यात वाघ आहेत, आणि ही थट्टेची गोष्ट नाही. मोहफुलं वेचायला, गुरं चारायला जंगलात गेलेली माणसं परत आली नाहीत अशी घरं आमच्या ओळखीची आहेत. वनखातं जंगलात कॅमेरे लावून पट्ट्यांवरून वाघ ओळखतं आणि मोजतं. बाबू म्हणायचा, तसे कॅमेरे गावात लावले तर कर्मचारी मोजायला एका हाताची बोटं पुरतील. “वाघ मुख्यालय सोडत नाही, अन् त्याले घरभाडंही नाही.”

आणि कोणी म्हटलं, सावलीत राहण्यासारखं आहे काय जी, की त्याच्याकडे एक हुकमाचा पत्ता होता. 1936 साली गांधी सेवा संघाची बैठक सावलीला भरली होती आणि महात्मा गांधी काही दिवस इथं मुक्कामाला होते. बाबू शांतपणे म्हणायचा, “गांधीजी राहिले. तुम्हाले काय झालं?” यावर उत्तर नसतं. गांधीजींना साडेपाचची गाडी नव्हती, असं मी एकदा म्हणून पाहिलं. ते जमलं नाही.

पण खरी गंमत अशी की आम्ही ज्याला हसायचो त्याच्याच घरावर आमचं सगळं चालायचं. कोणाचं हेल्मेट बाबूकडे, कोणाची छत्री, कोणाचा जादा शर्ट. दुपारी डोकं दुखलं की बाबूच्या बाजेवर पडायचं. कुरिअर त्याच्या पत्त्यावर. उन्हाळ्यात त्याच्या माठातलं पाणी. चावी तुळशीच्या कुंडीखाली असायची आणि ही गोष्ट सावलीत येणाऱ्या प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला रुजू झाल्याच्या दिवशी सांगितली जायची, आधी मस्टर, मग चावीची जागा.

मग परिपत्रकांचा मोसम आला. ग्रामविकास विभागाच्या 9 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानं शिक्षक, ग्रामसेवक वगैरेंना मुख्यालयी राहत असल्याबद्दल ग्रामसभेचा ठराव आणायला सांगितलं. 2022 मध्ये विधानसभेत आमदार प्रशांत बंब यांनी, मुख्यालयी न राहणाऱ्या शिक्षकांना घरभाडे कशाला, हा विषय काढला आणि राज्यभर धुरळा उडाला. धुरळा आमच्याही टेबलांवर येऊन बसला. वरून पत्र आलं : ‘सर्व कर्मचाऱ्यांनी घरमालकाच्या स्वाक्षरीचा भाडेकरार व मुख्यालयी राहत असल्याचा पुरावा सादर करावा.’

आमचे पुरावे संध्याकाळपर्यंत तयार. युरियाच्या खोलीचा मालक तर सही करून वर म्हणाला, वीज बिलही पायजे काय? अडकला तो एकटा बाबू. ‘सर्व कर्मचाऱ्यांनी’ असं पत्रात होतं, म्हणजे त्यानंही. त्याला घरभाडे मिळत नव्हतं, तरी. टेबलावरचा म्हणाला, “घरमालकाची सही आणा.”

“राज्यपालांची?”

“कोणाची असन त्याची.”

बाबू चार दिवस त्या कागदाकडे बघत बसला. त्याच्याकडे पुरावा म्हणून काय होतं? तीन नळ, बारा तावदानं, आंब्याचं एक कलम, आणि न्हाणीतली धामण. यातलं काही जोडता येत नव्हतं. शेवटी यादी वर गेली त्यात आम्ही सगळे ‘मुख्यालयी वास्तव्य : होय’, आणि बाबूच्या नावापुढं ‘पुरावा अप्राप्त’.

त्या हिवाळ्यात बसच्या ग्रुपवर बातमी आली की रात्री अचानक पथक येणार आहे. अचानक येणाऱ्या पथकाची वेळसुद्धा दिलेली होती. आम्हा अकरा जणांना त्या रात्री सावलीत झोपणं आलं. पण झोपायचं कुठं? माझ्या खोलीत युरिया. दुसऱ्याच्या खोलीत धान. तिसऱ्याच्या करारातली खोली चार वर्षांपूर्वी पाडून मालकानं तिथं गोठा बांधलेला. आम्ही सगळे आपापल्या पिशव्या घेऊन संध्याकाळी सातला एकेक करत बाबूच्या दारात. कोणी न सांगता कुंडी उचलली.

वहिनींनी अकरा जणांचा भात टाकला. बिचारीनं कपाळाला आठी घातली नाही. जेवणं झाली, आणि मग लक्षात आलं की दोन खोल्यांत अकरा पाहुणे आडवे झाले की घरच्या चौघांना पाठ टेकायला जागा उरत नाही. आम्ही संकोचलो; तोंडानं ‘असं कसं जी’ म्हणत अंथरुणं पसरली. बाबूनं दोन्ही पोरांना स्वेटर चढवले, चटई आणि सोलापुरी चादर काखेत मारली. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत होळीपर्यंत नाटकांचा मोसम असतो; वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गावोगाव जातात आणि मंडपात रात्रभर नाटक चालतं. शेजारच्या गावी त्या रात्री प्रयोग होता. “तुम्ही झोपा,” बाबू म्हणाला. “आम्ही पहाटे येतोच.” फटफटीवर चौघं निघून गेले.

पथक एकला आलं. टॉर्चचा उजेड तोंडावर पडला तेव्हा मी गाढ झोपेत होतो, हे मी अभिमानानं नमूद करतो. इतकी शांत झोप मला चंद्रपूरला कधी लागली नव्हती. एकेकाचं नाव विचारलं, यादीवर खूण केली. मुख्यालयी हजर : अकरा. मग पथकातल्या साहेबांनी विचारलं, हे क्वार्टर कोणाच्या नावावर? आम्ही सांगितलं. ते कुठं आहेत? आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

त्यांनी आतल्या खोलीत पाहिलं, न्हाणीत पाहिलं. नळ पाहिले, तिन्ही. अंगणात आंब्याच्या कलमावर टॉर्च मारला. पंचनामा केला. साक्षीदार म्हणून सही, आपली नेहमीप्रमाणे, माझी.

नोटीस आठ दिवसांत आली. ‘ज्याअर्थी आपण मुख्यालयी राहत नसल्याचे व आपणास वाटप केलेल्या शासकीय निवासस्थानी अकरा इसमांना पोटभाडेकरू ठेवल्याचे प्रथमदर्शनी दिसून येते, त्याअर्थी आपणाविरुद्ध कार्यवाही का करण्यात येऊ नये याचा खुलासा तीन दिवसांत...’

बाबूनं नोटीस माझ्यासमोर ठेवली. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं मी पाहिलं. खुलाशात खरं लिहावं तर आम्ही अकराही जातो. नाही लिहावं तर तो जातो. आम्ही सगळे त्याच्याभोवती जमलो, आणि कोणीही ‘खरं लिही बाबू’ असं म्हटलं नाही, हे मला आजही आठवतं. मीही नाही म्हटलं. तो थोडा वेळ पेन चावत बसला आणि मग त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं, माझी मदत न घेता :

‘झाडीपट्टीत नाटक असले की घरी पाहुणे येतात. ते आले होते. पाहुणे दमलेले असल्याने झोपले. आम्ही नाटकाला गेलो. तिकिटे सोबत जोडली आहेत (नग 4, खाली बसायची).’

नाटकाला पाहुणे येतात हे या भागात लहान पोरालाही माहीत आहे. सोयरिकीसुद्धा त्याच रात्री जमतात. वरचे साहेब इकडचेच निघाले. त्यांनी शेरा मारला, ‘खुलासा समाधानकारक. दप्तरी दाखल.’ म्हणजे एकाच फायलीत, एकाच टाचणीखाली, आम्ही अकरा जण सावलीचे कायम रहिवासी होतो आणि बाबूच्या घरी बाहेरगावहून आलेले पाहुणेही होतो. ते आजवर कोणाच्या लक्षात आलेलं नाही. मी तरी कोणाला कशाला दाखवू?

पुढच्या उन्हाळ्यात बाबूची बदली झाली. चंद्रपूरला. आम्हाला वाटलं, सुटला. तिथंही त्यानं तिसऱ्या दिवशी अर्ज केला, कारण ‘राहण्यासाठी’. पण जिल्ह्याच्या ठिकाणी क्वार्टर सगळ्यांनाच हवं असतं. तिथं भाडं भत्त्यात बसत नाही, शाळा चांगल्या, दवाखाने जवळ. यादीत त्याचा क्रमांक लागला त्रेसष्टावा. आणि या यादीतले पहिले बासष्ट जिवंत होते, नोकरीत होते, आणि कुठंही तूर पाखडत बसलेले नव्हते. भाड्याचं घर पाहिलं ते परवडेना. पोरांचं शिक्षणाचं वर्ष संपेपर्यंत सावलीचं क्वार्टर ठेवायची परवानगी त्यानं मागितली. ती मिळाली.

आता सकाळी मूलच्या स्टँडवर आमची गाडी चंद्रपूरकडून येऊन लागते तेव्हा समोरच्या फलाटाला सावलीकडून आलेली गाडी उभी असते. तिसऱ्या खिडकीत बाबू. मांडीवर डबा, खांद्यावर शेजाऱ्याचं झोपलेलं डोकं, बाहेर सीट धरायला टाकलेला कोणाचा तरी रुमाल. आमच्याकडे बघून तो हसत नाही. त्याला जांभई आवरत नसते. परवा तर गाडी सुटता सुटता त्यानं अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं आणि दोन गाड्यांच्या आवाजावरून ओरडला,

“तुमच्या वहिनी माहेरी गेल्या जी! चावी कुंडीखाली आहे. दुपारी कोणी झोपाले गेलं तं आंब्याले तेवढं पानी घालजा!”